जंतूंचे बारसे

आपल्या मराठीत 'घटसर्प' हा एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वावरतो. शहरातल्या घरात आई हा शब्द उच्चारते तेव्हा तिच्या मनात असतो लहान मुलाच्या घशात करड्या-पांढऱ्या रंगाचा पडदा धरणारा रोग. ज्याच्यासाठी आपण पोरांना तान्हेपणीच लस टोचून घेतो तो. परंतु पिंपरी-चिंचवड मागे टाकून नाशिकच्या रस्त्याने चाकणकडे निघा आणि एखाद्या गोठ्यापाशी थांबून तोच शब्द काढा. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मूल येणार नाही, म्हैस येईल. सडकून ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर, आणि पुष्कळदा एका दिवसाच्या आत दावणीची जागा रिकामी! पावसाळा तोंडावर आला की जनावरांना घटसर्प-फऱ्याच्या लसी टोचतात, त्या याच भीतीने.

शब्द एक, पण रोग दोन, आणि ते घडविणारे जंतूही दोन. मुलाच्या घशातला जंतू निराळ्या घराण्याचा, म्हशीच्या रक्तातला निराळ्या. एकाची लस दुसऱ्यावर काडीचाही परिणाम करणार नाही.

याच्या उलट मासलाही आपल्याकडेच आहे. गुरांना होणाऱ्या एका भयंकर रोगाला खेड्यात 'फाशी' म्हणतात. त्याच जनावराचे कातडे सोलताना माणसाच्या हाताला जखम होऊन काळी खपली धरली की तिला 'काळपुळी' म्हणतात. येथे नावे दोन, आणि जंतू मात्र एकच! रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८७६ साली या जंतूचा सबंध जीवनक्रम उलगडून दाखविला, आणि विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो हे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले.

यात आपल्या भाषेला दोष देण्याचे कारण नाही. डोळ्यांना जे दिसते त्यावरून माणसे नाव ठेवतात, आणि जंतू तर डोळ्यांना दिसतच नाही. तथापि ज्याला औषध द्यावयाचे आहे, लस बनवावयाची आहे, त्याला असे सैल नाव परवडत नाही. आजारी जनावराच्या अंगातून एखादा जंतू हाती लागला की तो कोण, ओळखीचा की अनोळखी, हे ठरवावे लागते. आणि अनोळखी असेल तर त्याचे रीतसर बारसे करावे लागते. हे बारसे कसे होते, त्यात फसगत कशी होते, आणि आपल्या पिंपरी-पुण्याच्या पट्ट्यात ते कसे झाले, हेच मला आज सांगावयाचे आहे.

गुरांच्या रोगांसाठी पुण्यात प्रयोगशाळा

आपल्या देशात जनावरांच्या रोगांच्या जंतूंचा शास्त्रीय अभ्यास करणारी पहिली सरकारी संस्था कोठे निघाली असेल, असे विचारले तर पुष्कळजण मुंबईचे किंवा कलकत्त्याचे नाव घेतील. ती निघाली पुण्यात! ९ डिसेंबर १८८९ रोजी 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या भारदस्त नावाने ती सायन्स कॉलेजात, म्हणजे आपण ज्याला इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखतो त्या वास्तूत, सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. पण भर वस्तीत भयंकर सांसर्गिक रोगांचे जंतू बाळगणे म्हणजे वाड्यात दारूगोळा साठवण्यासारखेच. म्हणून १८९३ साली तिची रवानगी दूर कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला झाली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

त्या काळी जंतूंना नावे कशी ठेवीत, हे म्हशीच्या घटसर्पावरूनच पाहा. लुई पाश्चरने १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या एका मारक साथीतून एक बारीक जंतू वेगळा काढला. पुढे असाच जंतू डुकरात सापडला, गुरात सापडला, सशात सापडला. ज्या जनावरात सापडला त्या जनावराचे नाव त्याला चिकटवावे, अशी रीत पडली. गुरांचा तो 'बोव्हिसेप्टिका', पक्ष्यांचा तो 'एव्हिसेप्टिका', डुकरांचा तो 'सुइसेप्टिका'. जणू एकाच गृहस्थाला पुण्यात पाहिले की पुणेकर म्हणावे आणि नाशकात पाहिले की नाशिककर! अखेर १९३९ साली रोझेनबुश आणि मर्चंट या दोघा संशोधकांनी ही सारी एकाच जातीची मंडळी असल्याचे प्रतिपादन करून तिला नाव दिले 'पाश्चरेला मल्टोसिडा', म्हणजे अनेकांना मारणारा. गोठ्यातला घटसर्प हा याचाच प्रताप.

या कथेतला एक बोध वाचकांनी मनाशी धरून ठेवावा, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. जंतू कोठे सापडला, ही एक गोष्ट. तो कोण आहे, ही अगदी निराळी गोष्ट.

चायना ग्रासची करामत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, एखादे जनावर आजारी आहे. पशुवैद्य निर्जंतुक कापसाचा बोळा त्याच्या घशातून किंवा जखमेतून फिरवितो, अथवा सुईने थोडे रक्त काढतो. त्या थेंबात एकच एक जंतू असतो असे मात्र नव्हे. पंढरीच्या वारीसारखी तेथे ही गर्दी असते. या गर्दीतून एकेकाला बाजूला काढणे ही पहिली अडचण.

ही अडचण सुटली ती एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ज्ञानामुळे. कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिनचा थर वापरीत. पण उन्हाळ्यात तो वितळे, आणि काही जंतू तर तो खाऊनच टाकीत. तेथे काम करणाऱ्या डॉ. हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचविले की, मी मुरंब्यांना घट्टपणा आणण्यासाठी अगर-अगर वापरते, ते का वापरीत नाही? ही गोष्ट १८८१-८२ ची. अगर-अगर म्हणजे समुद्रशेवाळापासून निघणारा तोच पदार्थ, ज्याला आपल्या घरातून 'चायना ग्रास' म्हणतात आणि ज्याची दुधातली थरथरती वडी मुले आवडीने खातात. उन्हाळ्यात तो वितळत नाही, आणि बहुतेक जंतूंना तो पचतही नाही. तेव्हापासून आजपर्यंत जगातील सर्व जंतुप्रयोगशाळा या एका बाईंच्या पाककौशल्यावर चालल्या आहेत, असे म्हटले तरी चालेल.

या थरात मांसरस, थोडे रक्त वगैरे खाद्य मिसळून उथळ झाकणाच्या बशीत ओततात. नमुन्याने माखलेली तार त्यावर रेघोट्या मारीत फिरवितात. पहिल्या रेघेत जंतूंची दाटी; पण तार पुढे जाईल तसतसे ते विरळ होत जातात, आणि शेवटच्या रेघांत एकेक जंतू एकटा पडतो. एका रात्रीत त्या एकट्याची लाखो पिले होतात आणि मोहरीएवढा ठिपका डोळ्यांना दिसू लागतो. हा ठिपका म्हणजे एकाच पूर्वजाचे गोत. तेवढा उचलून दुसऱ्या बशीत लावला की शुद्ध वाण हाती आले.

छत्तीस गुण

वाण हाती आले. आता ओळख पटवावयाची. येथे आपल्याला लग्नाच्या पत्रिकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भटजी जसे छत्तीस गुणांपैकी किती जुळतात ते पाहतात, तसाच जंतुशास्त्रज्ञही या अनोळखी पाहुण्याची पत्रिका ओळखीच्या जंतूंच्या पत्रिकांशी लावून पाहतो.

पहिला गुण रंगाचा. हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली एक युक्ती काढली: जंतूंना जांभळा रंग द्यावयाचा आणि मग मद्यार्काने धुवावयाचे. काही जंतू रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. एवढ्यावर सारी जंतुसृष्टी दोन मोठ्या तटांत विभागली जाते. मग आकार पाहावयाचा: गोल की दांडीसारखा, सुटा की साखळीत, हलणारा की स्वस्थ. मग त्याची खाण्यापिण्याची आवड: कोणती साखर आंबविली, कोणती नाकारली, मिठात जगला की मेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडल्या की नाही. अशा पन्नास-साठ परीक्षा होतात.

परंतु वागणुकीवरून माणूस ओळखण्यात जो धोका तोच येथेही आहे. सख्खे भाऊ निराळे वागतात आणि परके सारखे वागतात. म्हणून कुळाचा दाखला पाहावा लागतो. प्रत्येक जंतूच्या पेशीत प्रथिने तयार करणारा एक कारखाना असतो. त्या कारखान्याच्या एका भागाची कृती डी.एन.ए.मध्ये सुमारे दीड हजार अक्षरांत लिहिलेली असते. हा लेख सर्व जंतूंत असतो, आणि पिढ्यान् पिढ्या फार सावकाश बदलतो. त्यावरून कोणाचे नाते किती जवळचे ते काढता येते, हे कार्ल वूझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७७ च्या सुमारास दाखवून दिले. दोन लेख बरेच निराळे निघाले तर मंडळी परकी, हे नक्की. पण जवळजवळ सारखे निघाले तर? तर मात्र केवळ या लेखावर विसंबता येत नाही. कारण काही घराण्यांत चुलत भावांचेही लेख सख्ख्यांइतकेच जुळतात.

अशा वेळी सबंध डी.एन.ए.ची तुलना करावी लागते. जुनी रीत अशी: डी.एन.ए. म्हणजे दोन पेडांचा दोर. तो तापविला की पेड सुटतात, थंड केला की पुन्हा वळले जातात. दोन जंतूंचे सुटे पेड एकत्र करून थंड केले, तर एकाचा पेड दुसऱ्याच्या पेडाशी कितपत जमतो ते मोजावयाचे. शंभरात सत्तर किंवा अधिक जमला तर जात एक. त्याहून कमी तर जाती दोन. ही सत्तरची रेषा जाणकारांच्या समितीने १९८७ साली घालून दिली. हल्ली जंतूची सबंध अक्षरमाळाच वाचून संगणकावर पडताळतात, आणि तेथे रेषा शंभरात पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपास धरतात.

या सर्व परीक्षांतून पाहुणा कोणाशीच जुळला नाही, तर त्याला नवी जाती म्हणावयाचे आणि नाव द्यावयाचे. नाव दोन शब्दांचे. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे पाळण्यातले नाव.

पिंपरीचे नाव

आता पिंपरीकडे येऊ. येथल्या रस्त्यांवर मोटारी व कारखान्यांचे भोंगे यांचे राज्य सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. १९५४ साली पिंपरीच्या माळावर 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदतीचा हात दिला होता. १९५५ साली तेथे पेनिसिलिन निघू लागले, आणि १९६२ साली स्ट्रेप्टोमायसिन. क्षयरोगाने पछाडलेल्या त्या काळच्या घरांना या दुसऱ्या नावाचे मोल काय होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

या स्ट्रेप्टोमायसिनच्या जन्माशी एका पाळीव जनावराचा संबंध आहे. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली आल्बर्ट शाट्झ हा तरुण विद्यार्थी औषधी जंतू शोधीत होता. त्याला हवा तसा जंतू दोन ठिकाणी मिळाला: एक भरपूर शेणखत घातलेल्या मातीत, आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून फिरविलेल्या बोळ्यावर. ती बशी त्याला कोंबड्यांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या डोरिस जोन्स या विद्यार्थिनीने दिली होती. गंमत अशी की हा जंतू नवा नव्हताच! 'ग्रिसियस' या नावाने तो शास्त्राला कित्येक वर्षे ठाऊक होता. नाव जुने, पण गुण मात्र कोणी पारखला नव्हता. कोंबडीच्या घशातल्या या परिचित पाहुण्याने पुढे असंख्य क्षयरोग्यांचे प्राण वाचविले.

पिंपरीच्या संशोधकांनीही माती चाळावयास घेतली. प्रयोगशाळेत डॉ. मं. जी. तिरुमलाचार यांच्यासारखा बुरशीशास्त्रातला जाणता माणूस होता. मातीला पहिल्या पावसाचा जो सुवास येतो तो ज्या जंतूंमुळे, त्याच स्ट्रेप्टोमायसिस वंशातला एक जंतू त्यांना पिंपरीच्या मातीत मिळाला. त्याच्यापासून निघालेले औषध बुरशीचा नाश करणारे होते. हे संशोधन १९६१ साली कंपनीच्याच शास्त्रीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले. औषधाचे नाव ठेवले 'हामायसिन'. त्यातली 'एच' आणि 'ए' ही कंपनीची इंग्रजी आद्याक्षरे. आणि जंतूचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'!

आपल्या गावाचे नाव जंतुशास्त्राच्या लॅटिन नामावळीत वाचताना मला आजही मौज वाटते. तोंडात येणारी पांढरी बुरशी, कानातली बुरशी, स्त्रियांच्या नाजूक तक्रारी अशा विकारांवर हामायसिन वापरले गेले. परदेशातून औषध आणण्याच्या त्या दिवसांत आपल्या मातीतला जंतू, आपल्या माणसांनी ओळखलेला आणि आपल्या कारखान्यात वाढविलेला, ही साधी गोष्ट नव्हती.

पण येथेच नावांच्या कारभारातला एक घोटाळाही सांगितला पाहिजे. त्या काळी जगभर औषधांच्या कारखान्यांत स्ट्रेप्टोमायसिसची शोधाशोध चालली होती. जंतू थोडा निराळा दिसला, पेटंट घ्यावयाचे असले, की नवे नाव! एकट्या या वंशातली नावे हजारोंच्या घरात गेली. कोण खरोखर निराळा आणि कोण जुन्याच जंतूने घेतलेले सोंग, हे कळेनासे झाले. म्हणून १९६४ पासून अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून या वंशाची झडती सुरू केली. आणि सर्वच जंतूंच्या बाबतीत १ जानेवारी १९८० हा दिवस नव्या हिशेबाचा पाडवा ठरविण्यात आला. त्या दिवशी मान्य नावांची यादी प्रसिद्ध झाली. आधीची हजारो नावे होती; यादीत आली ती सुमारे अडीच हजार. बाकीच्यांचा नावावरचा हक्क गेला. यापुढे ज्याला बारसे करावयाचे असेल त्याने पुरावा मांडावा, नाव रीतसर प्रसिद्ध करावे, आणि मुख्य म्हणजे जंतू जिवंत हजर करावा, असा दंडक झाला.

डासाच्या पोटातला पाहुणा

आता पिंपरीहून गणेशखिंडीकडे यावे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथील डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी डासांच्या आतड्यातले जंतू तपासत होते. विषय विचित्र वाटेल. पण विचार करा. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास आपल्या गटारांत वाढतो, आपले रक्त पितो. रोगाचे बीज रक्ताबरोबर प्रथम उतरते ते डासाच्या पोटात. त्या पोटात कोण राहते, ते रोगबीजाला साथ देते की विरोध करते, हे कळले तर उद्या डासाविरुद्ध एक नवे हत्यार हाती येण्याचा संभव आहे.

या शोधात त्यांना एरोमोनास वंशाचा एक जंतू मिळाला. हा वंश मूळचा पाण्यातला. यातल्या काही जाती माशांना व्रण पाडतात, काही माणसाच्या जखमेत शिरतात, पोट बिघडवितात. पेनिसिलिनच्या घराण्यातले ॲम्पिसिलिन यातल्या बहुतेकांपुढे निष्प्रभ ठरते. म्हणजे रोग्याच्या शरीरात हा वंश आहे की दुसरा, यावर औषध फिरते. ओळख पटविण्याला एवढे महत्त्व का, ते येथे ध्यानात येईल.

पुण्याच्या मंडळींनी पाहुण्याची पत्रिका मांडली. रासायनिक परीक्षा झाल्या, अक्षरलेख वाचला गेला, नातेवाइकांशी डी.एन.ए. ताडून पाहिला. आधीच्या कोणत्याही जातीत तो बसत नाही, असे त्यांना आढळले. मग २००२ साली आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी त्याचे बारसे केले: 'एरोमोनास क्युलिसिकोला'. क्युलेक्स म्हणजे डास, आणि 'कोला' म्हणजे राहणारा. डासनिवासी! जंतूचा नमुना चंदीगडच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या जंतुसंग्रहात ठेवला गेला.

चाणाक्ष वाचकांच्या मनात येथे पाल चुकचुकली असेल. ज्या जनावरात सापडला त्याचे नाव? गुरांचा तो बोव्हिसेप्टिका, पक्ष्यांचा तो एव्हिसेप्टिका?

गेंटचा निकाल

बेल्जममधील गेंट विद्यापीठात जंतूंचा मोठा संग्रह आहे, आणि एरोमोनास वंशाचे जाणकार तेथे होते. हायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याचा नमुना मिळवून जवळच्या नातेवाइकांशी पुन्हा ताडून पाहिला. डी.एन.ए.चे तुकडे पाडून त्यांचे ठसे घेतले. दोरांचे पेड सोडवून पुन्हा जमविले. विशेष संशय होता तो 'एरोमोनास व्हेरोनाय' या जातीचा. तिचे बारसे १९८७ साली अमेरिकेत झाले होते, आणि नाव व्हेरों या फ्रेंच जंतुशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिलेले होते. पेड जमविले, आणि सत्तरची रेषा चांगलीच ओलांडली गेली!

२००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. डासनिवासी ही स्वतंत्र जाती नव्हे, ती व्हेरोनायच. नियम असा की एकाच जातीला दोन नावे पडली तर आधीचे टिकते. पुण्याचे नाव तीन वर्षांत मागे पडले.

हे वाचून कोणाला वाईट वाटेल. मलाही प्रथम चुटपुट लागली. परंतु अधिक विचार केला तसतसे या प्रसंगाचे मोल माझ्या मनात वाढत गेले. एक तर, निष्पन्न काय झाले ते पाहा. व्हेरोनाय हा जंतू पाण्यात राहतो, माशांना आजारी पाडतो, माणसाच्या जखमेत शिरतो, हे ठाऊक होते. औषधी जळवेच्या आतड्यातही तो मुक्कामाला असतो. म्हणून तुटलेले बोट जोडल्यावर शस्त्रवैद्य तेथे जळू लावतात तेव्हा या जंतूच्या बंदोबस्ताचे औषधही देतात. आता त्याच्या फिरतीच्या गावांत डासाच्या पोटाची भर पडली. रक्त पिणारी जळू आणि रक्त पिणारा डास, दोघांच्या घरी हा एकच पाहुणा! नाव गेले, माहिती राहिली, आणि तिचा अर्थ अधिक खोल झाला.

दुसरे असे की, मुक्त शास्त्राची रीतच ही आहे. पुण्याच्या मंडळींनी नमुना कुलुपात ठेवला असता तर त्यांचे नाव आजही निर्वेध चालले असते. त्यांनी तो संग्रहात ठेवला, ज्याला हवा त्याने मागवावा अशी सोय केली, म्हणून तर परीक्षा होऊ शकली. दावा करणाराच तपासणाऱ्याच्या हाती पुरावा सोपवितो, असा व्यवहार जगात दुसऱ्या कोठे फारसा आढळत नाही.

बारशाच्या घुगऱ्या

जंतू जतन कसा करतात, हेही पाहण्यासारखे आहे. शुद्ध वाण गोठवून, निर्वात करून त्यातले पाणी काढून टाकतात, आणि उरलेली चिमूटभर पांढरी भुकटी काचेच्या बारीक कुपीत बंद करतात. आत जंतू मेलेले नसतात. कुंभकर्णासारखे झोपलेले असतात. दशकांनंतर कुपी फोडून मांसरसाचा थेंब पाजला की ते जागे होतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा असा संग्रह १९५१ पासून आहे. पेशी विज्ञान केंद्राने २००९ साली आणखी एक मोठा संग्रह उभारला, आणि २०११ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. आजच्या नियमाप्रमाणे नव्या जंतूचा नमुना दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. एका देशात आग लागो, पूर येवो, दुसरीकडे कुपी शाबूत असते.

म्हणून मला वाटते, यापुढे 'अमुक ठिकाणी नवा जंतू सापडला' अशी बातमी वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा लगेच घाबरूही नये आणि हुरळूनही जाऊ नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. त्याची तुलना कोणाकोणाशी केली? त्याची कुपी कोठे ठेवली आहे? आणि परक्या प्रयोगशाळेत कोणी तो पुन्हा तपासला का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर बातमी कच्ची समजावी. तिसऱ्याला अद्याप उत्तर नसेल तर थोडे थांबावे.

गोठ्यातल्या शेतकऱ्यालाही यात दिलासा आहे. त्याच्या म्हशीच्या गळ्याला सूज आली की पशुवैद्य रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो, आणि मल्टोसिडा ओळखू शकतो. कारण शंभर वर्षे लोकांनी एकमेकांची नावे तपासली, चुकीची खोडली, आणि चार प्राण्यांच्या चार नावांमागचा एकच अपराधी शोधून काढला. पावसाळ्यापूर्वी टोचलेली लस लागू पडते ती या खोडाखोडीच्या जोरावर.

आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात. मोठा झालेला मुलगा फार बढाया मारू लागला की आळीतली म्हातारी म्हणते, 'अरे जा, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!' जंतूंच्या बारशाच्या घुगऱ्या म्हणजे या काचेच्या कुप्या. ज्यांनी ज्यांनी त्या घेतल्या, त्यांना त्यांना बोलण्याचा हक्क आला. मग तो गेंटचा असो, चंदीगडचा असो, की आपल्या पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या महाविद्यालयात आज पहिल्यांदाच तार तापवून चायना ग्रासवर रेघोट्या मारणारी एखादी विद्यार्थिनी असो.